माघातली वारी

वडगाव, बेळगाव
माघ वद्य दशमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर मुद्दामच लांबवलं, कारण माघी पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्या, जत्रेला जाऊन आल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं. चार दिवसांची सहल होती. लोककला आणि जत्रा समजावून सांगणारा माहीतगार वाटाड्या बरोबर, आणि गाडीत पंधरा-सोळा माणसं. त्यातली निम्मी पुण्या-मुंबईची. मी एकटाच बेळगावचा. "तुम्ही तर इथलेच, तुम्हाला काय नवीन?" असं एकीने विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. सौंदत्ती इथून ऐंशी किलोमीटरही नसेल. तुझी आजी दरवर्षी माघात बैलगाडीने जायची. आपण मात्र परतलेल्या गाडीतला भंडारा आणि चुरमुरे तेवढे ओळखत होतो.

सौंदत्तीच्या वाटेवर वाटाड्याने डाव्या हाताला बोट केलं आणि म्हणाला, "तिकडे गुर्लहोसूर." अण्णासाहेब किर्लोस्करांचं गाव! मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारा माणूस या मातीतला, हे शाळेत आपल्याला कुणी इतक्या जवळून सांगितलं नव्हतं. त्याच्याही आधी, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. आपण लहानपणापासून भाषेची भांडणं ऐकत आलो, मोर्चे पाहिले. ती भांडणं खोटी नाहीत, आपल्या घरांनी त्यांत बरंच सोसलंय. पण आपल्या रंगभूमीची नाळ कुठे पुरली आहे, तेही कुणीतरी सांगायला हवं होतं.

डोंगरावर गर्दी किती म्हणून सांगू! "उदं गं आई उदं" आणि "उधो उधो" एकमेकांत मिसळून जात होतं. जोगुळभावीला अंघोळ करून लोक ओलेत्यानेच चढत होते. कोल्हापूर, सांगली, निपाणी, धारवाड, विजापूर, कुठकुठची माणसं! मार्गशीर्षातल्या पुनवेला आपल्याकडे रांडाव पुनव म्हणतात. रेणुकेचे पती जमदग्नी गेले म्हणून जोगतिणींच्या, देवीला वाहिलेल्या बायकांच्या, बांगड्या त्या दिवशी फुटतात. माघातली ती अहेव पुनव, पुन्हा हिरवा चुडा भरायची. कानडीत हिलाच भारत हुण्णिमे म्हणतात. रेणुका मलप्रभेवर वाळूची घागर करायची आणि नागाची चुंबळ डोक्यावर ठेवून पाणी आणायची, ही गोष्ट तुझ्या आजीने आपल्याला किती वेळा सांगितली असेल! परवा त्याच मलप्रभेच्या धरणाचं पाणी डोंगरावरून चकाकताना पाहिलं आणि तिचा आवाज कानात आला.

पण मला खरं सांगायचंय ते देवळातलं नाही. पायथ्याला उगरगोळमध्ये एका घराच्या अंगणात आम्हाला नेलं होतं, ते सांगायचंय. एक म्हातारी जोगतीण बसली होती. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, समोर परडी, म्हणजे देवीची वेताची टोपली. आम्हाला बघून कानडीत म्हणाली, "बर्री, कुंद्री," म्हणजे या, बसा. मग माझ्याकडे वळून मराठीत, "बसा की लेकरांनो, उभं का?" कुणाला कुठली भाषा कळते, हे तिने कसं ओळखलं कोण जाणे.

तिने चौंडकं हातात घेतलं. ते वाद्य एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिलं. लाकडाचं पोकळ नळकांडं, खालच्या तोंडाला कातडं, आणि त्या कातड्याच्या मधोमध ओवलेली तात. तातेचं दुसरं टोक एका लहान लाकडी मुठीला बांधलेलं. नळकांडं डाव्या काखेत दाबायचं, मूठ डाव्या हातात धरून तात ताणायची आणि उजव्या हाताने छेडायची. हात जरा ओढला की सूर चढतो, सैल सोडला की खाली येतो. पडदे नाहीत, खुंट्या नाहीत. सगळा सूर त्या एका मनगटात. तिच्या डाव्या करंगळीखाली तातेने घट्टा पडला होता, खारकेच्या बीएवढा. वाजवायच्या आधी तिने कातडं तळहाताने चोळलं, भंडाऱ्याची चिमूट सोडली आणि डोळे मिटले. शेजारी एकीने तुणतुण्याचा सूर धरला.

आणि मग गाणं. पहिलं कडवं कानडीत, धृपद मराठीत, तिसरं कडवं दोन्ही मिळून. एका ओळीत रेणुका मलप्रभेवर, पुढच्या ओळीत तीच सासरी निघालेली साधी बाई. मला कानडी कळतं, पण त्यावेळी कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे निवडावंसंच वाटलं नाही. चौंडक्याचा तो "डुंग" छातीत वाजत होता.

तेवढ्यात आमच्यातल्या एकाने जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, डोक्यावर घेऊन थोडं नाचून दाखवायला सांगितलं, फोटोसाठी. म्हातारीने चौंडकं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आईचा जग असा उचलत नाहीत बाबा. त्याला वार असतो, उपास असतो." मला फार वाईट वाटलं. सहल आखणाऱ्यांनी तिथे जेमतेम पाऊण तास ठेवला होता. जेवणाला मात्र दीड तास. परतल्यावर मी त्यांना स्पष्ट लिहून कळवलंय, की निदान त्या अंगणात घड्याळ लावू नका.

आणखी एक सांगतो. या सगळ्याला फक्त सुंदर म्हणून गप्प बसणं मला जमत नाही. देवीला मुली सोडण्याची चाल याच डोंगराशी बांधलेली होती. १९८२ साली कर्नाटकाने कायदा करून ती बंद केली, पण वाहिलेल्या कित्येक बायका अजून हयात आहेत. म्हातारीने आपली हकीकत सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या पोरीला मी शिकवलं. ती नर्स आहे." हे सांगताना तिचा चेहरा जसा उजळला, तसा गातानाही उजळला नव्हता. गाणं टिकावं, चाल मरावी, असं मला मनापासून वाटतं. आणि ते होऊ शकतं. बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती यांना जोगती नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. एका तृतीयपंथी कलावंताला हा मान मिळाला, याचा मला अभिमान वाटतो.

बाकीचं थोडक्यात. कुलगोडला रात्री श्रीकृष्ण पारिजात हे कानडी लोकनाट्य पाहिलं. अपराळ तम्मण्णांची मूळ रचना कुलगोडच्या तम्मण्णांनी वाढवली, असं तिथे मानतात. सत्यभामा रुसली की गावातल्या बायका अजून खुदकन हसतात. तिसऱ्या दिवशी रायबाग तालुक्यातलं चिंचली, मायाक्का देवीचं. मायाक्काच्या नावानं चांगभलं! बैलगाड्यांची रांग डोळ्यांत मावेना. धनगरांचा ढोल सुरू झाला, कैताळ खणखणले आणि हातात रुमाल घेतलेली माणसं गजीच्या नाचाला उभी राहिली. सत्तरीतला एक आजोबा अशा गिरक्या घेत होता की मीही रिंगणात शिरलो. भंडाऱ्याने पिवळा झालेला तो सदरा अजून धुवायला टाकला नाही. घरच्या मंडळींची बोलणी खातोय.

म्हातारीचा निरोप घेताना मी तुझ्या आजीचं सांगितलं. वडगावहून गाडीने यायची, गळ्यात कवड्यांची माळ, वेताची परडी. तिने विचारलं, "ती परडी आता कोण सांभाळतंय?" मला सांगता येईना. तुम्ही घर विकून पुण्याला गेलात, तेव्हा देव्हारा बरोबर नेला होता एवढं आठवतं. परडी त्यात होती का रे? माळ्यावर, ट्रंकेत कुठे असेल तर बघ. वेत सुटला असेल तर खानापूरकडे अजून विणून देणारी माणसं आहेत, मी नेऊन देतो.

पाकिटात भंडाऱ्याची पुडी घातली आहे. वहिनींना देव्हाऱ्यात ठेवायला सांग. ज्येष्ठी पुनवेला कर्नाटकी बेंदूर आहे, तेव्हा मुलांना घेऊन ये. आणि परडीचं लगेच कळव. म्हातारीला निरोप धाडायचा आहे.

तुझाच,
वडगावचा मित्र