इशाऱ्यांचं तोंड बांधू नकोस

घणसोली, नवी मुंबई
रविवार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. नाशिकला घर लागलं, काकूंचा गुडघाही आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे पाऊस, लोकलची गर्दी, सगळं तुला माहीत आहे तसंच. थेट तुझ्या प्रश्नाकडे वळतो.

पतसंस्थेची साइट नव्या सर्व्हरवर नेलीस, ती ज्या भाषेत लिहिली आहे त्या पीएचपीचं ७ चं ८ झालं आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘वॉर्निंग: अनडिफाइन्ड ॲरे की’च्या रांगा लागल्या. सेक्रेटरी ओरडतायत आणि तू विचारतोस, हे बंद कसं करू? एका ओळीचं काम आहे: एरर_रिपोर्टिंग आणि कंसात शून्य, की सगळे इशारे गप्प. पण ती ओळ लिहू नकोस.

तुझा कोड एका रात्रीत बिघडलेला नाही, तो आधीपासून असाच होता. ८.० आलं नोव्हेंबर २०२० मध्ये. त्याआधी मूळ सेटिंगमध्ये नोटिसा, म्हणजे सौम्य इशारे, वगळलेल्या असायच्या. आता मूळ सेटिंगच ई_ऑल आहे, म्हणजे काही लपवायचं नाही. शिवाय ॲरेत (मूल्यांच्या यादीत) नसलेली की, म्हणजे खुणेचं नाव, वाचली तर पूर्वी नुसती नोटिस यायची, तिला बढती मिळून वॉर्निंग झाली. शून्याने भागलंस तर आता वॉर्निंगवर सुटका नाही. ती एरर पकडली नाहीस तर पान तिथेच थांबतं.

वाशीच्या एपीएमसीतल्या एका आडत्याचं बिलिंग मध्यंतरी आमच्याकडे आलं होतं. तक्रार एकच, महिनाअखेरची बेरीज लागत नाही. प्रत्येक बिल छापून बघितलं तर बरोबर, कारण टाइप केलेली रक्कम तशीच्या तशी छापली जात होती. मुनीमजी मोठ्या रकमा वहीत लिहितात तशाच टाइप करायचे: १,२५,०००. पीएचपीच्या लेखी ती संख्या नव्हे, अक्षरांची माळ. बेरजेला घेतली की पहिल्या स्वल्पविरामाच्या आधीचंच धरायचं आणि पुढचं सोडून द्यायचं. सव्वा लाखात हमालीचे ८५० मिळवले की उत्तर ८५१! हजाराच्या आतल्या रकमांना स्वल्पविराम नाही, त्यामुळे किरकोळ व्यवहार अगदी चोख. ७.१ पासून पीएचपी यावर नोटिस देते, ८ मध्ये तर वॉर्निंग. पण आधीच्या माणसाने फाइलच्या पहिल्याच ओळीत तो शून्य घालून ठेवलेला. ती ओळ उडवली, पान पुन्हा उघडलं, आणि फाइलचं नाव, ओळ क्रमांक, सगळं समोर.

म्हणून माझं मत असं की फेटल एररची, म्हणजे पान बंद पाडणाऱ्या चुकीची, काळजी कमी करावी, ती स्वतःच बोंब मारते. पैसे खाते ती नोटिस.

या इशाऱ्यांच्या पातळ्यांचे आकडे पाठ करत बसू नकोस, पण रचना बघून ठेव. ई_एरर १, ई_वॉर्निंग २, ई_पार्स ४, ई_नोटिस ८, असे दुपटीने चढत जातात. तराजूच्या वजनांसारखं आहे: बेरीज सांगितली की कुठली वजनं टाकली ते नेमकं कळतं. सगळ्यांची बेरीज म्हणजे ई_ऑल, ८.३ पर्यंत ३२७६७. (५.४ च्या आधी मात्र ई_ऑलमध्ये ई_स्ट्रिक्ट ही पातळी धरत नसत. नाव ‘ऑल’ आणि एकाला पंक्तीबाहेर बसवायचं, हे पीएचपीनेच करावं.)

आता तू करायचं ते. नोंदवणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये त्यांची बटणंही वेगळी आहेत. एरर_रिपोर्टिंग ई_ऑलच राहू दे. डिस्प्ले_एरर्स ऑफ कर, सेक्रेटरी शांत होतील. पतसंस्थेच्या साइटवर ते ऑफच हवं, कारण त्या संदेशांतून सर्व्हरवरच्या फोल्डरांचे पत्ते परक्याला दिसतात. लॉग_एरर्स ऑन कर आणि एरर_लॉगचा, म्हणजे नोंदीच्या फाइलचा, पत्ता वेबच्या फोल्डरबाहेरचा दे. मग रोज सकाळी ती फाइल उघडायची आणि सगळ्यात जास्त वेळा आलेली ओळ आधी दुरुस्त करायची.

लॉगिनचं पान कोरं येतं म्हणतोस, तिथे बहुधा पार्स एरर, म्हणजे कोडच्या व्याकरणाची चूक, आहे. त्याच फाइलच्या वर आयएनआय_सेट (कोडमधूनच सेटिंग बदलायची आज्ञा) लिहून काही होणार नाही. फाइल वाचतानाच अडखळली तर तिची पहिली ओळसुद्धा चालत नाही. कमांड लाइनवर पीएचपी, डॅश एल आणि फाइलचं नाव दे, चूक कुठल्या ओळीवर आहे ते लगेच सांगेल. आणि जुन्या कोडमध्ये ओळींच्या पुढे इशारे दाबायला ‘@’ चिकटवलेले दिसतील, त्यांच्यावर विसंबू नकोस. ८ पासून ते फेटल एरर दाबत नाहीत.

लॉगच्या पहिल्या वीसेक ओळी मला पाठव. खातेदारांची नावं, नंबर असतील तर आधी खोडून टाक.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास

ता. क. होस्टिंगवाला आयएनआयला हात लावू देत नसेल आणि अपाचे या वेब सर्व्हरच्या डॉट एचटीॲक्सेस फाइलमध्ये सेटिंग लिहायची वेळ आली, तर तिथे ‘ई_ऑल’ हे नाव चालत नाही, आकडाच लिहावा लागतो. ३२७६७ लिही.