हॉल ऑफ नेशन्सला विसरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक प्रदर्शनांमधल्या भारताच्या दालनांवरचा रविवार पुरवणीतला लेख आवडला, पण दिल्लीच्या प्रगती मैदानातल्या हॉल ऑफ नेशन्स या प्रदर्शनाच्या भव्य इमारतीचा त्यात साधा उल्लेखही नाही याचं वाईट वाटलं म्हणून लिहितेय. 1972 साली स्वातंत्र्याची पंचविशी होती आणि आशिया 72 हे आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी आर्किटेक्ट राज रेवल आणि इंजिनियर महेंद्र राज यांनी तो उभा केला. तिरक्या दांड्यांचे त्रिकोण जोडून केलेला असला सांगाडा बाहेरच्या देशांत स्टीलचे पाइप जोडून करायचे, आपल्याकडे तेव्हा स्टीलची मारामार, काम करणारे हात मात्र भरपूर, मग सगळं काँक्रीट जागेवरच ओतायचं ठरलं. जुने फोटो मिळाले तर झूम करून एखादा सांधा बघा, चहूबाजूंनी तिरके दांडे एका गाठीत येतात आणि त्या गाठीतली सळई मजुरांनी हाताने बांधलेली! आत एवढ्या मोठ्या जागेत एक खांब नाही, आणि त्या खोल त्रिकोणांमुळे ऊनही अडायचं, आपल्या जुन्या वाड्यांतल्या जाळीसारखं.

शांघायच्या 2010 च्या जागतिक प्रदर्शनात आपण बांबूचा घुमट केला, सांचीच्या स्तूपावरून, तोही छानच होता. पण मला हॉल ऑफ नेशन्स जास्त आपला वाटतो, घुमट कमळ कमान काहीच नसताना, कारण त्या वेळी देशाकडे जे होतं त्यातूनच तो झाला.

एप्रिल 2017 मधे तो रातोरात पाडला. वाचवायला लोक कोर्टात गेले, पण 60 वर्षं झाल्याशिवाय इमारतीचा वारसा म्हणून विचारच होणार नाही असं सांगण्यात आलं. तो होता 45 वर्षांचा. या हिशोबाने स्वातंत्र्यानंतरचं चांगलं काम साठीपर्यंत पोचणार तरी कसं? तिकडे बार्सिलोनात 1929 च्या प्रदर्शनातलं आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहेचं जर्मन दालन 1930 ला उतरवलं होतं, ते त्यांनी 1986 मधे त्याच जागी परत बांधून काढलं, आणि आपण उभं असलेलं पाडतो.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची पणजीची कला अकादमी, मुंबईची कांचनजंगा ही उंच निवासी इमारत, दोन्ही अजून साठीच्या आतल्याच आहेत. अशा इमारतींवर तुम्ही लेखमाला करा ही कळकळीची विनंती, आणि त्यात नुसत्या आर्किटेक्टच्या मुलाखती नकोत, ज्यांनी शटरिंग लावलं, सळई बांधली ती माणसं अजून आहेत तोवर त्यांनाही शोधून बोलतं करा.

आपली,
एक वाचक, पुणे