भीमाशंकरच्या आराखड्यात ग्रामसभेचा शब्द हवा

महोदय,

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, तेव्हापासून शेकरूचे आणि इथल्या सदाहरित जंगलाचे रक्षण ही वन विभागाची जबाबदारी मानली गेली आणि त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या महादेव कोळी समाजाची गाठ प्रामुख्याने मनाई आणि मजुरी या दोनच गोष्टींशी पडली. जाळपट्टे, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढायचे झाले की गावातली माणसे बोलावली जातात. पण ते कुठून काढावेत हे ठरवताना त्याच माणसांना कोणी विचारत नाही.

ही तक्रार भावनेपोटी केलेली नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, अनुसूचित क्षेत्रातील किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करूनच तयार केला पाहिजे. आंबेगाव तालुक्याचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात आहे. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे आणि तो अभयारण्याच्या हद्दीतही लागू आहे. म्हणजे गावाला विचारणे ही अधिकाऱ्यांच्या मर्जीची बाब राहिलेली नाही.

गावाला काय ठाऊक असते, हे पाहायचे असेल तर एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावर यावे. बाळहिरडा, म्हणजे औषधी हिरड्याचे न पिकलेले फळ, कोवळा असतानाच उतरवावा लागतो. जाणती माणसे फांदी न तोडता बांबूने झोडून तो खाली पाडतात, बायका-मुले पाचोळ्यातून एकेक फळ वेचतात आणि मग अंगणात तो सुरकुतून काळा पडेपर्यंत वाळवला जातो. कोणत्या झाडाला यंदा बहर कमी आहे, कोणत्या ओढ्याचे पाणी पूर्वीपेक्षा लवकर आटते, शेकरूची घरटी कोणत्या राईत दिसतात, हे त्या बायकांना कोणतीही नोंदवही न उघडता सांगता येते. याच भागातल्या देवराया सरकारी अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून उभ्या आहेत, आणि देवाच्या राईतले वाळलेले लाकूडसुद्धा घरी न्यायचे नाही हा नियम पाळायला तिथे कधी पहारेकरी ठेवावा लागला नाही.

गावाकडून चुका होतच नाहीत, असे मी म्हणणार नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना, म्हणजे रोपवाटिकेच्या जमिनीवर पालापाचोळा जाळताना, झाडांच्या फांद्या बेसुमार छाटल्या जातात आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात मुद्दाम वणवेही लावले जातात. परंतु ज्याला निर्णयात स्थान नाही त्याच्यावर नियमांची जबाबदारी टाकता येत नाही. केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्पाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तिथे रानदालचिनीची साल चोरून काढणाऱ्यांनाच वन विभागाने १९९० च्या दशकात संघटित केले, त्यांच्यावरील खटले मागे घेण्याची तयारी दाखवली आणि पर्यटकांना जंगल दाखवण्याचे व गस्तीचे काम त्यांच्यावर सोपवले. चोरवाटा त्यांना पायाखालच्या होत्या, त्यामुळे गस्त कुठे घालायची हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. कर्नाटकात बिळिगिरीरंगनबेट्ट इथल्या सोलिगा समाजाला २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पातच सामूहिक वनहक्क मिळाले. आपल्या राज्यात तर सामूहिक वनहक्क मिळालेल्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाचे उदाहरण २००९ पासून डोळ्यांसमोर आहे.

भीमाशंकरला महाशिवरात्रीला आणि श्रावणात लोटणारी गर्दी, रस्त्याकडेला साचणारे प्लॅस्टिक, वाहनतळासाठी लागणारी जागा या सगळ्याचा भार जंगलावर पडतो, आणि त्याविषयीचे निर्णयही गावाशिवायच होतात, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते.

माझी विनंती अशी की, यापुढे आराखडा करताना त्याचा मसुदा मराठीत, गावनिहाय नकाशांसह ग्रामपंचायतीत आधी लावावा. वाड्यावस्त्यांवर स्वतंत्र ग्रामसभा घ्याव्यात, कारण वाडीवरची बाई मुख्य गावातल्या सभेत क्वचितच बोलते. आणि गावाची सूचना स्वीकारली नाही तर त्याचे कारण लेखी कळवावे. या सभा हिरड्याच्या हंगामात किंवा भातलावणीत ठेवू नयेत. त्या दिवसांत घरी कोणीच नसते, आणि मग कोरम भरला नाही असा शेरा मारून गावाचा विषय संपवला जातो.

आपला,
एक वाचक, ता. आंबेगाव, जि. पुणे