राधेचा शोण

बेंगळुरू

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दिवाळी करून निघताना तुमचं ‘मृत्युंजय’ न विचारता पिशवीत टाकलंय. कपाट उपसत बसू नका. पुठ्ठा निखळलाय, इथं बांधून घेतो.

लहानपणी पावसाळ्यात खानापुरात लाइट गेली की तुम्ही कंदिलाजवळ हेच वाचायचा. शिवाजी सावंत आजऱ्याचे, म्हणजे आपल्याच मुलखातले, हे आधी ऐकवायचं आणि मगच सुरू. कर्ण चारदा बोलतो. कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, श्रीकृष्ण एकेकदा. कर्णाचा धाकटा भाऊ शोण बोलायला लागला की मला झोप यायची. धाकटा मात्र टक्क जागा! तेव्हा कळायला हवं होतं.

आता वाचताना मी शोणावरच अडकलो. कर्ण हस्तिनापुरला निघतो, तेव्हा हे पोरगं रथामागं धावत सुटतं. पुढं अंगदेशाचं राज्य, शाप, कीर्ती, सगळं दादाच्या वाट्याला. ह्याच्या वाट्याला नुसता दादा. तरी कुढणं नाही. मला विचाराल तर त्या पुस्तकाचा नायक तोच, सावंतांना पटो न पटो.

आणखी एक गंमत बघा. जगानं राधेय म्हटलं ते राधेनं वाढवलेल्या कर्णाला, तिच्या पोटचा तर शोण. कुंती युद्धाआधी कर्णाला भेटते, तेव्हा तो वचन देतो, तुझे पाच राहतील. तिचा हिशोब चुकता झाला. राधेचे किती राहतील, हे त्या नदीकाठी कुणी विचारलंच नाही. आई, हे वाचून तू आठवलीस.

बाजारात लोक बाबांना ‘बेंगळुरूच्या इंजिनियरचे वडील’ म्हणतात. तुम्हीही पाहुण्यांपुढं माझंच नाव काढता. गुडघाभर चिखलात रोप लावणारा, रात्री तुमच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी काढून बेळगाव गाठणारा दुसराच. मी त्या रात्री फोनवर ‘काळजी घ्या’ म्हणत होतो.

त्याला हे वाचून दाखवू नका, फिदीफिदी हसेल. पुढच्या तपासणीला त्याची सुगी आहे, भात कापून पडलेलं असेल. मी दोन दिवस रजा टाकलीय. बेळगावला मी नेतो. फाइल कुठं ठेवलीय आणि डॉक्टर कितव्या मजल्यावर बसतात, तेवढं त्याला विचारून ठेवा.

तुमचा,
थोरला