दोन इंच जाडीची फळी

कोल्हापूर,
१५ फेब्रुवारी

प्रिय मोहन,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. डोंबिवलीच्या नव्या घरात खांब आणि भिंत यांच्यामध्ये जो कोनाडा सुटला आहे, त्यात पुस्तकांसाठी जाड लाकडी फळ्या बसवायच्या तुझ्या मनात आहे, आणि तिथल्या कारागिराने सांगितलेला आकडा ऐकून वहिनींनी पुस्तकेच विकून टाकण्याचा पर्याय सुचवला, हे वाचून हसू आले. थोडी भीतीही वाटली, कारण वहिनी बोललेले करून दाखवतात. नेमके हेच काम मी गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने पुरे केले असल्यामुळे ते सविस्तर लिहितो. माझ्या चुका आधी सांगतो, कारण या कामात लाकडापेक्षा चुकांवरच माझे पैसे जास्त गेले.

आमच्या बाहेरच्या खोलीतील जुनी मांडणी तुला आठवत असेल. तिच्या फळ्या चार फूट लांब आणि अठरा मिलिमीटर जाड होत्या, लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाच्या. दोन वर्षांत मधली फळी झोळीसारखी खाली आली. तिला दोष देण्याआधी मी एक काम करायला हवे होते, ते रद्दीवाला आला तेव्हा केले. त्याच्या ताणकाट्यावर एक फूट लांबीची पुस्तके बांधून वजन केले, तर ते साडेनऊ किलो भरले. म्हणजे चार फुटांच्या भरलेल्या फळीवर अडतीस किलोचे ओझे रात्रंदिवस बसलेले असते. तसला बोर्ड पाण्यालाही भितो. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत शिरले, तेव्हा खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांची त्या बोर्डाची कपाटे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगून सुटली, आणि त्याच घरांतले जुने सागवानी पाट नुसते धुऊन उन्हात वाळवल्यावर पुन्हा वापरात आले. आपल्या गावात लाकडाविषयीचा हा धडा कोणाला पुस्तकातून घ्यावा लागत नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. गेल्या आषाढात एका वखारीतून दोन इंच जाडीच्या दोन भरभक्कम फळ्या स्वस्तात उचलल्या. रिक्षातून उतरवताना घाम फुटला तेव्हा मनात आले की काय वजनदार लाकूड मिळाले आहे! आमच्या गल्लीतील सुतारमामांनी त्यावर बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, “मास्तर, लाकूड न्हवं, पाणी इकत घेतलंय तुमी.” ते अक्षरशः खरे ठरले. ओल्या लाकडाच्या वजनात मोठा भाग पाण्याचा असतो, आणि ते पाणी उडून जाताना लाकूड लांबीत फारसे आटत नाही पण रुंदीत आटते. एका बाजूने लवकर आणि दुसरीकडून सावकाश आटले की फळीला बाक येतो. दिवाळीपर्यंत एका फळीचा पन्हाळ झाला होता आणि दुसरीला असा पीळ बसला होता की जमिनीवर ठेवली तर ती तीनच कोपऱ्यांवर उभी राहत असे. दोन्ही फळ्या आता परसात कपडे धुण्याच्या दगडाशेजारी बाक म्हणून आहेत.

वाळलेले सागवान घ्यायचे तर हिशेब असा होता. चार फूट लांब, दहा इंच रुंद आणि दोन इंच जाड अशा चार फळ्यांना सव्वादोन घनफूट लाकूड लागते. मला सांगितलेला दर साडेचार हजार रुपये घनफूट होता, आणि रंधा मारताना व कापताना जाणारी घट धरली तर नुसते लाकूडच बारा-तेरा हजारांच्या घरात जात होते. हे मी सुतारमामांना सांगितले, तेव्हा त्यांनी उत्तर न देता आमच्या आतल्या खोलीच्या दारावर टकटक केले. दार पोकळ वाजले. “ह्ये बगा, ह्येला कधी बाक आलाय?” एवढेच ते बोलले आणि चहाला बसले.

मोहन, मी तीस वर्षे गणित शिकवले, पण दारावर ती टकटक होईपर्यंत ही गोष्ट माझ्या डोक्यात उतरली नव्हती. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. पण त्या जाडीतले मधले लाकूड फारसे काही करत नाही. ओझ्याखाली फळी वाकू लागते तेव्हा तिचा वरचा पदर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधल्या भागाचे काम एवढेच, की या दोन पदरांना एकमेकांपासून दूर ठेवायचे आणि एकमेकांवरून सरकू द्यायचे नाही. हे काम काही रिपाही, म्हणजे लाकडाच्या अरुंद पट्ट्याही, करू शकतात. म्हणून अडतीस मिलिमीटर उंचीच्या रिपांची चौकट करून तिच्या वर आणि खाली सहा-सहा मिलिमीटरचा प्लाय चिकटवला, की एकूण जाडी पन्नास मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन इंच भरते. कागदावर हिशेब मांडला तर अशी पोकळ फळी अठरा मिलिमीटरच्या अखंड प्लायच्या सुमारे बारापट ताठ निघते, आणि अखंड दोन इंची फळीच्या ताठपणाच्या निम्म्याहून थोडी अधिक. लाकूड मात्र कितीतरी कमी लागते.

यात एक अट आहे आणि ती कधीही विसरू नकोस. प्लाय रिपांना पूर्ण लांबीभर सरसासारख्या चिकटीने जोडला गेला पाहिजे. नुसते खिळे मारून भागवलेस, तर दोन्ही पदर आपापले सरकतात आणि तुझ्या हाती दोन इंच जाडीचे दिसणारे पण दोन सुट्या पत्र्यांसारखे वाकणारे खोके उरते.

आता साहित्य. आठ बाय चार फुटांचा सहा मिलिमीटर प्लायचा एकच ताव चार फळ्यांना बरोबर पुरतो. दुकानातूनच आठ फूट लांबीच्या, दहा इंच रुंदीच्या चार पट्ट्या कापून घे आणि प्रत्येक पट्टी मधोमध तोड. आठ तुकडे होतात, चार वरचे आणि चार खालचे, शिवाय साताठ इंचांची एक पट्टी उरते. तावावरच्या लाकडाच्या रेषा आठ फुटांच्या दिशेने धावत आहेत ना, ते कापण्याआधी पाहा, कारण पातळ प्लाय रेषांच्या दिशेने ताठ आणि आडव्या दिशेने लवचीक असतो. तुझ्या फळीत रेषा लांबीच्याच दिशेने असायला हव्यात. दुकानदार तुला पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, म्हणजे आयएस (भारतीय मानक) ७१० शिक्क्याचा, घ्यायचा आग्रह करील. मोरीशेजारी किंवा तळमजल्यावर तो जरूर घ्यावा. पण तिसऱ्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत आयएस ३०३चा साधा प्लाय पुरेसा आहे, आणि ते वाचलेले पैसे चांगल्या वाळलेल्या रिपांवर घाल.

प्रत्येक फळीला दोन लांब रिपा आणि त्यांच्यामध्ये साधारण फुटा-फुटावर आडव्या रिपा, अशी शिडीसारखी चौकट मी केली. साऱ्या रिपा एकाच उंचीच्या असाव्यात म्हणून त्यांना एकत्र बांधून एकदम रंधा मारला. एखादी रीप अर्धा मिलिमीटरही खाली राहिली तर तिथे प्लाय चिकटत नाही. चिकटवलेले दाबून धरायला माझ्याकडे शिकंजे नव्हते. मग चिकट लावलेली फळी सपाट फरशीवर वर्तमानपत्रावर ठेवून तिच्यावर पाटा, शेजारच्या पोरांनी तालमीतून आणलेली लोखंडी वजने आणि धाकट्या भावाच्या गुऱ्हाळावरून आलेला गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, असा ऐवज रात्रभर रचला. मुंग्यांनी त्या रात्री आमच्या घरी जत्रा भरवली, पण फळी आरशासारखी सपाट निघाली. दुसऱ्या फळीपासून गुळाखाली प्लॅस्टिक घातले.

समोरून दिसणारी कड मात्र खऱ्या सागवानाची आहे, आणि हाच या सगळ्या खटाटोपातला माझा आवडता भाग. शिवाजी पेठेत एक जुने घर उतरवत होते. तिथून खिडकीच्या चौकटीचा पाच फुटांचा एक उभा तुकडा, साडेचार इंच बाय तीन इंचांचा, चारशे रुपयांना मिळाला. वरून तो काळाकुट्ट आणि चुन्याने माखलेला होता, पण सुरीने खरवडल्यावर आत मधासारखा रंग आणि तो तेलकट वास! जुने लाकूड घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बाहेरचा पांढरट भाग किडलेला असला तरी चालेल, पण गाभ्यापर्यंत भोके नसावीत आणि तुकडा आपटल्यावर पिठासारखा भुगा पडू नये. दुसरी, खिळे. एका सॉ मिलवाल्याने तुकडा हातात घेण्याआधीच नकार दिला, आणि तो चुकीचा नव्हता, कारण आत मोडून राहिलेला एक खिळा त्याचे महागाचे पाते घालवतो. मी घरी आणून जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक इंच-इंचावर फिरवले आणि सतरा खिळे उपटले. ते एका डबीत घालून दुसऱ्या मिलवाल्यासमोर ठेवले, तेव्हा त्याने काही न बोलता पाते चालू केले. दोन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशा सहा पट्ट्या निघाल्या. चार लावल्या, दोन शिल्लक आहेत.

भिंतीविषयी सावध राहा. कोनाडा चार फुटांचा आहे असे तू लिहितोस, पण तो कुठे चार फुटांचा आहे? माझा मागच्या बाजूला चार फूट होता आणि पुढे त्याहून अकरा मिलिमीटर कमी. त्यामुळे प्रत्येक फळीच्या उंचीवर मागे, मध्ये आणि पुढे अशी तीन मापे घे, आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून तो बसतो का पाहा. समपातळीसाठी गवंड्याची पाण्याची नळीच सर्वांत विश्वासाची, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नकोस.

आधाराशिवाय भिंतीतून आलेल्या भासणाऱ्या फळ्यांचा मोह तुलाही असणार. माझे मत स्पष्ट सांगतो, त्या फुलदाणीसाठी ठीक आहेत. दहा इंच रुंद फळीवर अडतीस किलो पुस्तके ठेवली आणि ती केवळ मागच्या भिंतीला धरून राहिली, तर आतल्या आधारपट्टीच्या वरच्या कडेला जवळजवळ दीडशे किलोची ओढ बसते, कारण ओझे पाच इंच बाहेर आणि पकड मात्र सव्वा इंचाची. तुला तर कोनाडाच मिळाला आहे. मागे आणि दोन्ही बाजूंना अशा तिन्ही भिंतींना पाऊण इंची आधारपट्ट्या स्क्रूने बसव आणि फळी त्यांच्यावर ठेव, म्हणजे ओझे खाली जाते आणि स्क्रूवर ओढ येत नाही. मला एका उघड्या भिंतीवर पाचवी, लहान फळी लावायची होती, तिला शिवाजी उद्यमनगरातून जाड पट्टीचे दोन काटकोनी आधार वेल्डिंग करून आणले. भोक पाडताना भुकटीचा रंग पाहत जा. लाल आली तर ड्रिल विटेत आहे. पांढरट आली तर ते सांध्यात गेले, तिथे स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग धरत नाही, भोक सरकवावे.

सागाच्या कडेला मी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पाच पातळ हात दिले. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरक, कारण पावसाळी हवेत लाखेवर पांढरी धुरी चढते, आणि तुझ्याकडे खाडीची दमट हवा बाराही महिने आहे. जवसाचे तेल लावणार असशील, तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळव. प्लायचा रंग सागाशी जुळला नाही, हे कबूल करतो. पण वरची बाजू पुस्तकांनी झाकली जाते आणि खालची पाहायला जमिनीवर झोपावे लागते, जे आमच्याकडे फक्त नातू करतो.

खर्च विचारशील. प्लाय दीड हजार, रिपा सहाशे, खिडकीचा तुकडा चारशे, मिलची कटाई तीनशे, चिकट, स्क्रू आणि प्लग मिळून साडेपाचशे, पॉलिश साडेतीनशे, असे चार फळ्यांना तीन हजार सातशे रुपये झाले. परसातल्या त्या दोन बाकांचे पैसे मी यात धरलेले नाहीत, आणि तूही घरी त्यांचा उल्लेख करू नकोस.

तुझ्या कोनाड्याची तीन-तीन मापे उलट टपाली कळव. सागाच्या दोन पट्ट्या शिल्लक आहेत त्या तुझ्याच. दोनच फळ्यांना पुरतील, पण वरच्या दोन फळ्या डोळ्यांच्या वर जातात, त्यांना साधी पट्टी चालेल. महालक्ष्मी एक्स्प्रेसने येत असशील तर वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, साडेचार फुटांच्या आहेत, बर्थखाली मावतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विलास