सूचना : लहान मुलांच्या पोटदुखीचे औषध

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील सर्व सभासद पालकांसाठी.

पॅरासिटामॉल देण्याआधी बाटलीवरची ताकद वाचा: ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम की २५०? लेबल इंग्रजीत असते, समजत नसेल तर औषध दुकानातच आकड्याभोवती गोल करून घ्या. एका वेळी वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. १० किलोच्या मुलाला १२५ चे ६ मिली, पण २५० चे फक्त ३. चूक इथेच होते. घरचे चमचे लहानमोठे असतात, सिरिंजनेच मोजा. दोन डोसांत किमान ४ तास, २४ तासांत जास्तीत जास्त ४ डोस.

डायसायक्लोमीनचे (पोटातील कळ थांबवणाऱ्या औषधाचे) थेंब ६ महिन्यांखालील बाळाला अजिबात नकोत, श्वास अडखळू शकतो.

हिरवी उलटी, शौचात रक्त, कडक पोट किंवा उजवीकडे खाली दुखणे दिसले तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा.