अमृता शेरगिलच्या चित्रांबद्दल लिहा ना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमृता शेरगिलवरचा लेख वाचला. तिला अर्धं पान दिलंत त्याचा आनंद झाला, पण खरं सांगते, वाईटही वाटलं, कारण अख्ख्या लेखात ६१.८ कोटी आणि तिची प्रेमप्रकरणं एवढंच, चित्रांबद्दल जेमतेम दोन ओळी. २०२३च्या लिलावात 'द स्टोरी टेलर'ला तेवढे पैसे आले आणि तेव्हा भारतीय चित्राला मिळालेली ती सगळ्यात मोठी किंमत होती हे बरोबर, पण १९३७ साली चोवीस वर्षांच्या मुलीने ते काढलं तेव्हा ती रंगांशी काय झटापट करत होती ते कोण सांगणार?

एक चूकही आहे. 'तीन मुली' हे चित्र अजिंठा बघून काढलं असं छापलंय, तसं नाही. ते १९३५चं, पॅरिसहून परत आल्यावर लगेचचं. तिघी एकमेकींना खेटून बसल्यात पण कुणी कुणाकडे बघत नाही, नजरा खाली. त्याला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं गोल्ड मेडल मिळालं. अजिंठ्याला ती गेली १९३६च्या शेवटी, मुंबईला ताजमध्ये प्रदर्शन झाल्यावर, आणि तिथून पुढे दक्षिणेत. मग 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी', 'बाजाराला निघालेले गावकरी' ही तीन चित्रं आली, तिच्या कामातला खरा बदल इथे दिसतो.

मी जळगावची, तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलींना घेऊन कितीतरी वेळा फर्दापूरला उतरून अजिंठ्याच्या लेण्यांत गेलेय. एक नंबरच्या लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही, डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं, मग हळूहळू भिंतीवरचा पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, वर येतो, तो गेरूचा तांबूसपणा, तो मातकट पिवळा, ती झुकलेली नजर. 'ब्रह्मचारी'तली ती पाच पोरं बघा, सावळी अंगं आणि पांढरी धोतरं, सगळी एका संथ ओळीत बसवलेली, ते बसवणं मला तरी सरळ या भिंतींवरून आलेलं वाटतं. पॅरिसमध्ये शिकलेली, १९३३ साली तिथल्या सलोंचं, म्हणजे मोठ्या कलाप्रदर्शनाचं, गोल्ड मेडल मिळालेली मुलगी इथे येऊन पुन्हा शिकायला बसली, याचं मला फार मोल वाटतं. इलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या वर्गात माझ्याकडे मुलीच जास्त असायच्या हो, पण चित्रकार सांगा म्हटलं की एकीच्याही तोंडून बाईचं नाव यायचं नाही. मग मी अमृताचे प्रिंट भिंतीवर लावायचे.

ती गेली ५ डिसेंबर १९४१ला, लाहोरला, वय फक्त अठ्ठावीस, मोठं प्रदर्शन काही दिवसांवर आलेलं. शेवटचं चित्र अर्धवटच राहिलं, घराच्या वरून दिसणाऱ्या दृश्याचं, त्यात काळ्या म्हशी आहेत.

माझी एवढीच विनंती, पुढच्या वेळी ते म्हशींचं चित्र छापा, रंगीत आणि मोठं, शक्यतो पानभर, आणि शेजारी एखाद्या चित्रकाराकडून त्यातल्या रंगांबद्दल लिहून घ्या. कात्रण काढून शाळेत लावायला मी स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, जळगाव